चिंतेवर उतारा

रायपूर शहराच्या जुन्या भागात तात्यापारा नावाची वस्ती आहे. 'पारा' हा छत्तीसगढकडचा शब्द. आपल्याकडे ज्याला आळी किंवा पेठ म्हणतात त्याच अर्थाचा. त्याच्यामागे लागलेले 'तात्या' हे नाव मात्र मराठी कानांना घरचे वाटते, आणि ते तसे वाटावे याला इतिहासाचा आधारही आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला. बिंबाजी भोसल्यांनी रतनपूर येथे राहून या मुलखाचा कारभार पाहिला. १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास आले, १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर ही एकाच प्रांतातील शहरे राहिली. या दीर्घ संबंधामुळे कारकून, वकील, शिक्षक, वैद्य अशी कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच रुजली. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी असा त्यांचा तीनपदरी संसार आहे.

अशा संसारात चिंतेचीही एक वेगळी जात निर्माण होते. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळूरला, नातवंडे त्याहून दूर; घरात दोन वृद्ध माणसे आणि एक दूरध्वनी. ठरलेल्या वेळी तो वाजला नाही की मनात शंकांची रांग लागते. गाडी चुकली असेल काय, ताप आला असेल काय, रस्त्यावर काही झाले असेल काय? 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. वैऱ्यालाही सुचणार नाही इतके वाईट आपलेच मन आपल्यासाठी कल्पून ठेवते. हा अनुभव एकट्या तात्यापाऱ्याचा नव्हे. दादरच्या चाळीत, इंदूरच्या वाड्यात, बडोद्याच्या पोळात किंवा सातासमुद्रापलीकडच्या सदनिकेत राहणाऱ्या मराठी माणसालाही तो तितकाच परिचित आहे. त्यावर औषधाची गोळी न घेता काही उपाय आहे काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. उपाय आहेत. त्यांतील बहुतेक जुने आहेत, बिनखर्चाचे आहेत, आणि त्यांच्यामागील कारणे आता शास्त्राने बऱ्याच अंशी उलगडली आहेत. परंतु ते उपाय नीट करावयाचे तर प्रथम चिंता म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे.

चिंता ही मूलतः शत्रू नाही. ती शरीराची पहारेकरीण आहे. समोर वाघ आला तर माणसाने विचार करीत बसू नये, पळावे किंवा लढावे, यासाठी निसर्गाने शरीरात एक व्यवस्था करून ठेवली आहे. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले. भयाची सूचना मेंदूस मिळताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. हृदय जोराने धडधडू लागते, श्वास भरभर चालतो, रक्त पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळते, तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात. वाघापुढे हे सारे उपकारकच असते. अडचण एवढीच की, उद्या साहेब तपासणीस येणार आहेत, परीक्षेचा निकाल लागावयाचा आहे किंवा मुलाचा दूरध्वनी आलेला नाही, या गोष्टींपासून पळता येत नाही आणि त्यांच्याशी हातघाईची लढाईही करता येत नाही. शरीर मात्र दोहोंसाठी सज्ज होऊन बसलेले असते. जागच्या जागी खिळलेल्या गाडीचे इंजिन पूर्ण वेगाने फिरत राहावे, तशी ही अवस्था होय.

येथून पुढे एक दुष्टचक्र सुरू होते. हृदय धडधडते म्हणून मनुष्य घाबरतो आणि घाबरल्यामुळे ते अधिक धडधडते. श्वास भरभर घेतल्याने रक्तातील कर्बवायूचे प्रमाण घटते. त्यामुळे ओठांना व बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. ही लक्षणे त्याला एखाद्या मोठ्या आजाराची पूर्वसूचना वाटतात आणि भय दुणावते. शेवटी ज्या प्रसंगामुळे हे घडले तो प्रसंगच तो टाळू लागतो. टाळल्याने क्षणभर सुटका होते आणि तीच सुटका पुढच्या वेळची भीती पक्की करते. शरीराचा क्षोभ, मनाची शंका आणि प्रसंगाची टाळाटाळ, हे या चक्राचे तीन आरे आहेत. चिंतेवरचा प्रत्येक खरा उपाय यांपैकी कोणत्यातरी एका आऱ्यावर काम करतो. जो उपाय यांपैकी कशालाच स्पर्श करीत नाही, तो कितीही सुगंधी आणि महाग असला तरी त्याचा गुण टिकत नाही.

प्रथम शरीराचा विचार करू. हृदयाची गती आपल्या आज्ञेने कमी होत नाही. पचनही आज्ञेत नाही. परंतु श्वास ही एक अशी क्रिया आहे की जी आपोआप चालते आणि इच्छेने बदलताही येते. शरीराच्या बंद खोलीची ही एकच किल्ली आपल्या हाती ठेवलेली आहे असे म्हणावयास हरकत नाही. श्वास आत घेताना हृदय किंचित जलद चालते आणि सोडताना मंदावते. तेव्हा उच्छ्वास जर लांबविला तर शरीराला शांत करणाऱ्या मज्जातंतूंचे काम वाढते. आपल्याकडे प्राणायामाची परंपरा प्राचीन आहे; पण तिला प्रयोगशाळेच्या मोजपट्टीवर तपासण्याचे काम महाराष्ट्रातच मोठ्या निष्ठेने सुरू झाले, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसने व प्राणायाम करताना रक्तदाब, श्वसन इत्यादींत काय फरक पडतो हे यंत्रांच्या साह्याने मोजून पाहावे आणि जे आढळेल ते छापावे, ही त्यांची पद्धत होती. योगास चमत्काराच्या आवरणातून बाहेर काढण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

सामान्य माणसाने करावयाची कृती अगदी साधी आहे. पाठ सैल ठेवून खुर्चीवर किंवा जमिनीवर बसावे. मनात चार अंक मोजत नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत तो सोडावा. अशा गतीने मिनिटास सुमारे सहा श्वास होतात. पाच मिनिटे हा क्रम चालवावा, दिवसातून दोन वेळा. यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, घाबरलेल्या माणसाला 'खोल श्वास घे' असे सांगितले की तो मोठमोठे आणि भरभर श्वास घेऊ लागतो. त्याने कर्बवायू आणखी घटून मुंग्या वाढतात. येथे खोलीपेक्षा संथपणाला महत्त्व आहे. दुसरी चूक अशी की, हा अभ्यास घाबरल्यावरच आठवतो. विहीर आग लागण्यापूर्वी खणलेली असावी लागते. शांत वेळी ज्याने श्वासाची सवय केली आहे, त्यालाच ती अशांत वेळी उपयोगी पडते. श्वास कोंडून धरण्याचे प्रकार मात्र हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी जाणकाराच्या सल्ल्यावाचून करू नयेत.

श्वासानंतर स्नायू. चिंताग्रस्त मनुष्य नकळत खांदे वर ओढून, दात आवळून, कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो. शिकागो येथील एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. त्यांचा मुद्दा असा की, ताणलेला स्नायू कसा असतो हेच माणूस विसरलेला असतो. म्हणून प्रथम मूठ घट्ट आवळावी, तो ताण ओळखावा, मग ती सोडून द्यावी आणि सैलपणाही ओळखावा. असे हात, खांदे, चेहरा, पोट, पाय या क्रमाने करीत गेले म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत सर्व शरीर निवते. आपल्या शवासनाशी हिचे नाते सहज ध्यानात येईल. दिवसभर लेखणी धरून किंवा संगणकापुढे बसून काम करणाऱ्यांनी रात्री निजण्यापूर्वी हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

आणि जे शरीर पळण्यास सज्ज झालेले आहे त्याला खरोखरच थोडे पळू द्यावे, हा त्याहूनही सरळ उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. रोजचे अर्धा तास झपाझप चालणे या हिशेबात सहज बसते. नियमित व्यायामाने चिंतेची लक्षणे उतरतात हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यासाठी व्यायामशाळेची वर्गणी भरण्याची गरज नाही. रायपूरकरांना त्यांचा बूढा तालाब आहे. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ ते १८७९ या काळात बालवयात या शहरात राहिले होते, त्या आठवणीने त्याला विवेकानंद सरोवर असेही म्हणतात. उन्हाळ्यात छत्तीसगढाचे ऊन कडक असते. तेव्हा सूर्य वर येण्यापूर्वी निघावे हे उत्तम. नागपूरकराला त्याची फुटाळ्याची वाट आहे, मुंबईकराला चौपाटी. ज्याला यांतले काही नाही त्याला निदान घराची गच्ची तरी असतेच.

शरीराबाबत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घरांत फार दुर्लक्षिली जाते. ती म्हणजे चहा. चहा-कॉफीतील कॅफीन हे द्रव्य हृदयाला व मेंदूला चेतविते आणि घेतल्यानंतर सुमारे पाच तासांनीही त्याचा अर्धा अंश शरीरात शिल्लक असतो. संध्याकाळी सहाला घेतलेला कडक चहा रात्री अकराला अंथरुणाशी हजर असतो. झोप लागत नाही म्हणून विचार वाढतात, विचार वाढतात म्हणून झोप लागत नाही, आणि सकाळी त्या अपुऱ्या झोपेवर पुन्हा चहाचाच उतारा शोधला जातो. तंबाखू व मद्य यांचाही प्रकार असाच. ती घेतल्यावर क्षणभर हायसे वाटते. अंमल उतरू लागला की अस्वस्थता व्याजासह परत येते. ज्याला चिंतेचा त्रास आहे त्याने दुपारनंतर चहा बंद करावा, रोज ठरलेल्या वेळीच उठावे, आणि निजण्यापूर्वीचा एक तास बातम्यांना व भ्रमणध्वनीला मज्जाव करावा. जगातील सर्व संकटे रात्री साडेदहास उशाशी बोलावून घेण्यात शहाणपण नाही.

आता दुसऱ्या आऱ्याकडे, म्हणजे मनातील शंकेकडे वळू. 'चिंता करू नकोस' हा जगातील सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे. एखादा विचार आणू नये असे ठरविले की तोच विचार पुनःपुन्हा दारात उभा राहतो. मग चिंतेला हाकलून देता येत नसेल तर तिला वेळ नेमून द्यावी, ही युक्ती अमेरिकेतील टी. डी. बॉर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली तपासून मांडली. दिवसातील एक ठराविक अर्धा तास आणि एक ठराविक जागा चिंतेसाठी राखून ठेवावी. इतर वेळी शंका आली तर ती वहीत टिपून घ्यावी आणि 'संध्याकाळी साडेपाचला पाहू' असे म्हणून हातातील कामाकडे वळावे. कचेरीत अवेळी येणाऱ्या अर्जदाराला जशी भेटीची वेळ दिली जाते, तसाच हा व्यवहार आहे. नेमलेल्या वेळी वही उघडली म्हणजे गंमत अशी दिसते की, सकाळी पर्वताएवढ्या वाटलेल्या निम्म्या बाबी आपोआप निकालात निघालेल्या असतात.

उरलेल्या बाबींचे दोन भाग करावेत. ज्यात आपल्याला काही करता येण्यासारखे आहे, त्याच्यासमोर पुढचे एकच पाऊल लिहावे: अमक्याला पत्र लिहिणे, तमक्या तारखेस रक्त तपासून घेणे, हप्त्याचा हिशेब काढणे. ज्यात काहीच करता येत नाही, त्याच्यासमोर तसे स्पष्ट लिहावे. पुष्कळदा चिंता म्हणजे विचार नसतोच. तो विचाराचा आभास असतो. विचार कोठेतरी पोहोचतो, चिंता घाण्याच्या बैलासारखी त्याच वर्तुळात फिरते. कागदावर उतरल्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या मनातील विधानांची अशी उलटतपासणी करण्याचे एक पूर्ण शास्त्र अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून उभे केले, आणि कि. मो. फडके यांनी ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचविले. 'अमुक घडले तर वाईट होईल' आणि 'अमुक घडले तर मी ते सोसूच शकणार नाही' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे त्यातील सूत्र कोणालाही पटण्यासारखे आहे. पहिले वाक्य बहुधा खरे असते; दुसरे तपासून पाहिल्यावर सहसा टिकत नाही.

तिसरा आरा टाळाटाळीचा. सर्वांत अवघड आणि सर्वांत परिणामकारक काम येथेच होते. समजा, एका मातेला पुण्यास असलेल्या मुलाची काळजी वाटते म्हणून ती दिवसातून आठ वेळा त्याला दूरध्वनी करते. प्रत्येक वेळी तो 'ठीक आहे' म्हणतो, तिला बरे वाटते आणि दीड तासाने शंका पुन्हा उगवते. मुलगा सुखरूप असतो. पण तो सुखरूप आहे हे मातेच्या मनाला कधी स्वतःहून शिकताच येत नाही, कारण ते शिकण्यापूर्वीच ती खात्री करून घेते. तिने हा क्रम एकदम तोडू नये. प्रथम आठाचे सहा करावेत, मग चार, मग दोन, अखेर रोज रात्री नऊचा एक. मधल्या काळात अस्वस्थता येईल. ती येऊ द्यावी. तिला विरोध न केल्यास ती लाटेसारखी चढते आणि लाटेसारखीच ओसरते. असे दहा-वीस वेळा घडले की मनाला नवा धडा मिळतो. भीतीच्या प्रसंगांची अशी शिडी रचून एकेक पायरी चढण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्प यांनी १९५८ साली ग्रंथरूपाने मांडली, आणि आजच्या चिंतोपचारातही क्रमाक्रमाने सामोरे जाणे हाच एक मुख्य आधार मानला जातो. उद्वाहकाची भीती, सभेत बोलण्याची भीती, एकट्याने प्रवास करण्याची भीती, या सर्वांना हीच शिडी लागू पडते.

येथपर्यंत चिंतेच्या तीन आऱ्यांचे विवेचन झाले. पण माणसाला जगण्यासाठी निव्वळ युक्त्या पुरत नाहीत. मनाचा दाह जेव्हा खोल असतो तेव्हा त्याला कामाचा आणि दिनक्रमाचा आधार लागतो. याचे एक उदाहरण रायपूरच्याच इतिहासात आहे, आणि ते एका मराठी माणसाचे आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. मराठी मातृभाषेच्या या गृहस्थांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि १९०७ साली नागपुराहून 'हिंदी केसरी' सुरू केला. १९०८ च्या धरपकडीत, ज्या वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्याच वर्षी, सप्रे यांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. घरच्या मंडळींचा, विशेषतः थोरल्या बंधूंचा, आग्रह अनावर झाला आणि त्यांनी क्षमापत्र लिहून सुटका करून घेतली. बाहेर आल्यावर या कृतीचा त्यांना जो पश्चात्ताप झाला तो असह्य होता. सार्वजनिक जीवनातून ते बाजूला झाले.

त्यानंतर त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. वर्ध्याजवळील हनुमानगड येथे श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात ते रामदासी वृत्तीने राहिले. मधुकरी मागून जेवणे, ठरलेल्या वेळी उठणे, नेमाने दासबोधाचे वाचन करणे असा त्यांचा क्रम होता. मधुकरीत अन्न मिळते, शिवाय रोज पाच-सहा दारांशी पायी जावे लागते आणि मानाची गाठ सैल होते. वाचनातून पुढे लेखन आले. त्यांनी दासबोधाचा हिंदी अनुवाद केला. टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाल्यावर त्याचाही हिंदी अनुवाद त्यांच्याच लेखणीतून उतरला. रायपुरात त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढली. १९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाची शाळा आजही त्या शहरात आहे.

सप्रे यांचे दुःख हे आजच्या वैद्यकाच्या कोणत्या कोष्टकात बसले असते, हा तर्क करण्याचे कारण नाही. त्यांचे शल्य अनुवादामुळे नाहीसे झाले असेही म्हणता येणार नाही. ज्याने लिहून दिलेला कागद परत घेता येत नाही त्याला ते शल्य जन्मभर वागवावेच लागते. घडले ते इतकेच की, मन दुखावलेले असतानाही दिवस रिकामा राहिला नाही. मन स्वस्थ झाल्यावर कामास लागू असे म्हणत ते थांबले असते तर त्या दोन ग्रंथांचे काम त्यांच्या हातून झाले नसते. काम आधी सुरू झाले आणि स्वास्थ्य जेवढे यावयाचे तेवढे त्याच्या मागून आले. जपानमधील वैद्य शोमा मोरिता यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत चिंताग्रस्तांसाठी जी उपचारपद्धती उभारली, तिचाही गाभा असाच आहे: भावना जशी असेल तशी असू द्यावी आणि हाताशी असलेले काम करावे. वर्ध्याच्या मठात आणि जपानच्या रुग्णालयात एकमेकांची वार्ताही नसताना माणसे एकाच वाटेला लागलेली दिसतात.

काम जसे आधार देते तशी माणसेही देतात. चिंता एकांतात पोसली जाते. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांत घरे भिंतीला भिंत लावून असत, ओट्यावरचे बोलणे शेजारच्या स्वयंपाकघरात ऐकू जाई, आणि कोणाचा चेहरा उतरला तर विचारणारे कोणीतरी असे. हे सर्व आता तितके राहिलेले नाही. म्हणून ते जाणूनबुजून जमवावे लागते. रायपुरात महाराष्ट्र मंडळ आहे, इतर शहरांतही मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत. सामुदायिक भजनात ओळ लांबवून म्हणावी लागते, म्हणजे उच्छ्वास आपसूकच लांबतो. टाळ वाजविताना हात गुंततात आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या सुरात आपला सूर मिळवावा लागतो. श्वास, शरीर आणि संगत हे तिन्ही उपाय तेथे एकाच बैठकीत साधतात. ज्याची देवावर श्रद्धा नाही त्याला वाचनालय, बुद्धिबळाचा अड्डा किंवा बाग आहे. आठवड्यातून निदान दोन वेळा कोणाच्या तरी समोर बसून मनातले बोलता यावे, एवढे पाहिले म्हणजे झाले.

अखेरीस मर्यादांविषयी. 'नैसर्गिक' या शब्दाला आज बाजारात मोठी किंमत आहे. वनस्पतीपासून झालेली प्रत्येक गोष्ट निरुपद्रवी असते असे मानणे भाबडेपणाचे आहे. धोतराही निसर्गातच उगवतो. अश्वगंधेने चिंता कमी होते असे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे. पण तिच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी ती मनाने घेणे योग्य नाही. पुडीवर काय लिहिले आहे यापेक्षा वैद्याने काय सांगितले आहे याकडे पाहावे. तसेच छातीत कळ, अकारण वजन घटणे, हातांना सतत कंप ही लक्षणे असतील तर ती चिंताच आहे असे गृहीत धरू नये. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, हृदयविकार हेही चिंतेचे सोंग घेऊन येतात. प्रथम तपासणी करून घ्यावी.

आणि ज्याची चिंता महिनोन्‌महिने हटत नाही, ज्याचे काम, झोप किंवा जेवण तिच्यामुळे सुटले आहे, त्याने तज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. पूर्वी त्यासाठी लांबच्या शहरी जावे लागे. आता रायपुरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय उभे आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भारत सरकारने 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरविला असता अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचा विचार मनात डोकावला तर एक क्षणही न दवडता हा क्रमांक लावावा आणि घरातील एका माणसाला जवळ बसवून घ्यावे. जे आधीपासून औषध घेत आहेत त्यांनी केवळ हे विवेचन ऐकून ते एकाएकी बंद करू नये. तसे केल्याने अपाय होतो. श्वास, चालणे, वही, शिडी, काम आणि संगत यांचे औषधाशी वैर नाही. औषध चालू असतानाही ती करता येतात, आणि पुष्कळदा औषध कमी करण्याची वाट वैद्याच्या सल्ल्याने त्यांच्यातूनच निघते.

यांतले सर्व उपाय एकाच दिवशी सुरू करू पाहणारा बहुधा तिसऱ्या दिवशी ते सोडून देतो. त्यापेक्षा एक निवडावा: सकाळचे अर्ध्या तासाचे चालणे, किंवा संध्याकाळची वही. तो पंधरा दिवस नेमाने चालवावा, मग दुसरा जोडावा. महिन्याभराने चिंता गेली काय असे स्वतःला विचारू नये, कारण ती थोडीबहुत राहणारच. ज्याला माया आहे त्याला काळजी आहे. विचारावयाचे ते असे की, काळजी असतानाही गेल्या आठवड्यात कोणते काम पार पडले, किती दिवस पाय बाहेर पडले आणि किती रात्री झोप लागली. त्या उत्तरांची बेरीज जर वाढत असेल तर वाट बरोबर आहे असे खुशाल समजावे.